माझ्या वायरला ठेवलेलं नाव

मी टाकलेल्या वायरला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. मला स्वतःला कुणी काही बोललं तर मी चार ऐकवते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. वायरचं मात्र विसरत नाही.

लोणावळ्याच्या बाजारात एका गल्लीत माझं दुकान आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, आणि ऑफिसांमधली नेटवर्कची कामं. टाकवे बुद्रुकहून मी इथे पहिल्यांदा आले ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये फी गोळा करायला. क्लासचे सर बिघडलेलं मशीन उघडून बसायचे आणि मी शेजारी उभी राहून बघायची. पुढे सरांना कंटाळा यायला लागला आणि स्क्रू माझ्या हातात आले. त्यानंतर मला कुणी काही शिकवलं नाही. जे येतं ते लोकांच्या माळ्यावर चढून, कोळिष्टकं खाऊन आलेलं आहे. पहिल्यांदा शिडीवर चढले तेव्हा खालून गिऱ्हाईक म्हणालं होतं, "बाई, तुमच्याकडे माणूस नाही का कुणी?" मी वरूनच सांगितलं, "मीच आहे. शिडी नीट धरा."

तर ही गोष्ट त्या बंगल्यांच्या ऑफिसची. मुंबई-पुण्याच्या लोकांचे लोणावळ्यात बंगले असतात, ते वर्षातून चार वेळा येतात. बाकीचे दिवस ते बंगले झाडायचे, सांभाळायचे आणि पाहुण्यांना भाड्याने द्यायचे, असं त्या ऑफिसचं काम. जुन्या दगडी इमारतीचा वरचा मजला. बाहेरच्या खोलीत पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर. आतल्या बंद खोलीत मुख्य मशीन. सकाळी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की ते आतलं मशीन ओळख पटवतं, मग बुकिंग उघडतात. खाली रस्त्याच्या बाजूला चाव्यांची खिडकी आहे. पाहुणे तिथून बंगल्याची चावी घेतात.

तिथली सगळी वायर मी ओढली आहे. दगडी भिंतीला भोक पाडताना दोन ड्रिल जळली. वायर झाकायच्या पट्टीवरून ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, माझ्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी मी पट्टी उचलून जिना उतरायला लागले, तेव्हा त्यांनी हाक मारली. मला असा माणूस आवडतो, खोटं कशाला सांगू. पण पुढे त्यांनी देखभालीचं काम माझ्याकडून काढून पुण्याच्या एका कंपनीला दिलं. त्यांचे लोक गळ्यात ओळखपत्र घालून आले होते. तेही मी समजू शकते, धंदा आहे. राग आला तो नंतर. बाजारातल्या चहाच्या हॉटेलात, चार दुकानदार बसलेले असताना, शेठ म्हणाले, "आमचं नेटवर्क रोज अडतं. ताईंनी टाकलेली वायर आहे, दुसरं काय होणार!"

असं वाक्य लोणावळ्यात फार लांब जातं. कार्ल्याला हायवेवरच्या एका हॉटेलचं कॅमेऱ्यांचं काम मला जवळजवळ मिळालेलं होतं. तिथला मॅनेजर ऐनवेळी म्हणाला, "ताई, तुमची वायर टिकते ना?" मी विचारलं, कोण म्हणतं टिकत नाही. तो हसला आणि चहा मागवला. ते काम मला मिळालं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी शेठचा फोन आला.

"ताई, जरा येऊन बघता का?"

"का? पुण्याचे लोक वारले का?"

"ते फोनवरून बघतात. प्रत्यक्ष यायला वेळ लावतात. आपांच्या मशीनचं रोजचं झालंय."

आपा म्हणजे त्या ऑफिसमधल्या सगळ्यांत जुन्या बाई. बुकिंगचं काम त्यांच्याकडे. घोरावाडी स्टेशनजवळच्या मुसलमान घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. आधी त्या खाली चाव्याच देत. कॉम्प्युटर त्या चाळिशीनंतर शिकल्या, आणि तोही माझ्यासमोर, कारण तेव्हा देखभाल माझ्याकडे होती. कुठल्या बंगल्याच्या गीझरला धक्का बसतो आणि कुठल्या मालकाला कुत्रेवाले पाहुणे चालत नाहीत, हे त्यांना न बघता सांगता येतं.

शेठनी सांगितलं ते असं. रोज सकाळी आपा नाव टाकतात, पासवर्ड टाकतात, आणि मशीन त्यांना आत घेत नाही. लॉगिन करता येत नाही, एवढंच पडद्यावर येतं. मग त्या पुण्याला फोन करतात. तिकडचा इंजिनीअर सांगतो, मागची वायर काढा आणि परत पासवर्ड टाका. वायर काढली की मशीन सुरळीत उघडतं. उघडलं की वायर परत लावायची. पासवर्ड तीनदा तपासून झाला, फरक नाही.

"आता तुम्हीच सांगा," शेठ म्हणाले, "वायर काढली की चालतं, लावली की अडतं. मग दोष कुणाचा? एकतर तुमच्या वायरचा, नाहीतर आपांच्या डोक्याचा. वय झालं, पासवर्ड चुकत असतील. मी ठरवलंय, महिनाअखेरीला त्यांना परत खाली खिडकीवर बसवतो. तिथं कॉम्प्युटर नाही, कटकट नाही."

खिडकीवर बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पाहुणे रात्री उशिरा येतात, घाटात अडकले तर आणखी उशिरा, आणि शेवटची चावी जाईपर्यंत खिडकी बंद होत नाही. आपांची घरी जायची लोकल ठरलेली. ती गेली की पुढची बराच वेळ नसते, आणि खिडकी उरकून निघायचं म्हटलं तर शेवटचीही मिळायची नाही. खिडकीवर बसवणं म्हणजे नोकरी सोडा म्हणून सांगणंच होतं. फक्त शेठना ते तसं दिसत नव्हतं.

"येते," मी म्हणाले. "पण आधी सौदा. वायर खराब निघाली तर सगळ्या ऑफिसची वायर नवीन टाकून देईन, फुकट. चांगली निघाली तर ज्या हॉटेलात बसून तुम्ही माझ्या वायरला नाव ठेवलंत, त्याच हॉटेलात, त्याच लोकांसमोर ते वाक्य परत घ्यायचं."

"ताई, काय लहान मुलासारखं..."

"मग पुण्याला फोन करा."

"बरं, या."

मी गेले तेव्हा आपा खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर पडदा बंद दाराप्रमाणे अडलेला. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? बघ बाई, तुझी वायर मला आत सोडंना."

"माझी वायर कुणाला अडवत नाही, आपा."

"तसं न्हाई गं. हे लोक म्हणत्यात."

शेठ मागे उभे होते. मी पिशवीतून टेस्टर काढला. वायरच्या दोन्ही टोकांना लावायचं छोटं यंत्र असतं ते. आतल्या तारा जोडलेल्या असतील तर एकेक दिवा क्रमाने लागत जातो. सगळे दिवे लागले. मी शेठना दाखवलं. ते म्हणाले, "दिव्यांचं काय, दिवे लागतातच."

मग मी नव्याकोऱ्या वायरचं भेंडोळं सोडलं आणि आतल्या खोलीपासून आपांच्या टेबलापर्यंत जमिनीवरून सरळ नेलं. जुनी वायर काढली, नवी लावली. आपांनी पासवर्ड टाकला. मशीनने नाही म्हटलं. नव्या वायरवरही तेच.

"आपा, आता शेजारच्या टेबलावर बसा आणि तुमचंच नाव, तुमचाच पासवर्ड टाका."

त्या हलेनात. शेजारच्या टेबलावर हिशेबाचं काम बघणारे गृहस्थ बसायचे, नीटनेटके, पेनसुद्धा कुणाला न देणारे. आपा हळूच म्हणाल्या, "त्यांच्या खुर्चीत कशी बसू? दिवसभर टोचून बोलतील."

"बसा आपा," ते गृहस्थ म्हणाले, "फक्त खुर्चीची उंची बदलू नका. मला ती जमवायला एक वर्ष लागलंय."

आपा खुर्चीच्या कडेवर टेकल्या. एक बोट, दुसरं बोट करत नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीन एका दमात उघडलं. बुकिंगचं पान समोर आलं. आपांनी माझ्याकडे बघितलं, मग शेठकडे. मग खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून नीट बसल्या.

म्हणजे आपांचं डोकं ठीक होतं, पासवर्ड ठीक होता, वायर ठीक होती. मग वायर काढल्यावर का उघडत होतं? ते मला आता कळलं, आणि कळल्यावर पुण्याच्या माणसाचा रागच आला. वायर काढली की आपांच्या मशीनला आतल्या मशीनकडे विचारता येत नाही. मग ते स्वतःच्या आठवणीवर काम भागवतं. ही बाई आधी येऊन गेली आहे, पासवर्ड जुळतोय, येऊ दे. वायर लावलेली असली की ते आत विचारतं, आणि आतून नकार येतो. तो नकार माझ्या वायरमधून रोज सकाळी व्यवस्थित पोचत होता. वायर आपलं काम करत होती म्हणूनच बदनाम झाली होती.

पण आतून नकार का, हे राहिलंच.

"हे सुरू कधी झालं?" मी विचारलं.

"रंगकाम झाल्यापासनं," आपा म्हणाल्या.

"बघा," शेठ म्हणाले, "टेबलं सरकवली, तुमची वायर दबली असणार." तेवढ्यात त्यांना खालून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. गेले ते बरं झालं, नाहीतर टेस्टर माझ्या हातातच होता.

मी पुण्याचा उपाय करून बघितला. वायर काढली, आपांच्या मशीनमध्ये शिरले, एकेक गोष्ट बघू लागले. त्या दिवशी मला दुपारी मळवलीला एका कामावर जायचं होतं. सहज पडद्याच्या कोपऱ्यात वेळ बघितली आणि चरकले, इतका उशीर कसा झाला. मोबाइल बघितला. उशीर झाला नव्हता. आपांचं मशीन दहा मिनिटं पुढं होतं.

"आपा, हे घड्याळ?"

"ते मीच ठिवते पुढं," आपा अगदी साधेपणाने म्हणाल्या. "आधी हितं भिंतीवर घड्याळ व्हतं बघ, धा मिनटं पुढंच असायचं. त्याच्यावर बघून मी निघायचे, लोकल कधी चुकली न्हाई. रंगवाल्यांनी ते उतरवलं. शेठ म्हणाले, भिंत मोकळी चांगली दिसती. मग मी टाइम कुटं बघू? ह्याच्यातच पुढं केलं. घरी आमची समदी घड्याळं पुढंच हायत, अगदी गजराचंसुदिक."

"आणि ते असं पुढं राहिलं? मशीन आपोआप मागं आणत नाही?"

"आणायचं की. मी पुढं केलं की सकाळी परत मागं. मला वाटलं बिघाड हाय. पुण्याच्या पोराला फोनवर सांगितलं, घड्याळ जागेवर ऱ्हात न्हाई. त्यानं तिकडनं बसल्याबसल्या काय केलं काय म्हाईत. तवापासनं हलत न्हाई."

मी डोक्याला हात लावला. आतल्या मशीनचा एक नियम असतो. ओळख पटवताना ते दोन्हीकडची घड्याळं ताडून बघतं. फरक साधारण पाच मिनिटांच्या वर गेला की त्याला संशय येतो, कुणीतरी आधीची ओळख पुन्हा वापरतंय की काय. मग ते दार लावून घेतं. म्हणूनच सगळी मशीनं आपापली घड्याळं आतल्याशी जुळवून घेत असतात. आपांच्या मशीनची ही सवय पुण्याच्या माणसाने मोडली होती, घड्याळ का हलतं ते न विचारता.

आपांना मी हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे माझ्यामुळंच? शेठला नको सांगू गं. आधीच खिडकीचं चाललंय."

मी घड्याळ जागेवर आणलं, जुळवून घेण्याची सवय परत चालू केली, मशीन बंद करून माझी जुनी वायर लावली. आपांनी पासवर्ड टाकला आणि मशीन उघडलं. एवढंच काम होतं.

खरी अडचण आता होती. सेटिंग होतं, केलं, असं म्हणून मी निघाले असते तर आपा वाचल्या असत्या. पण माझी वायर? उद्या हॉटेलात शेठ म्हणाले असते, ताई आल्या आणि आपली वायर गुपचूप नीट करून गेल्या. आणि घड्याळाचं सांगितलं तर वायर सुटत होती, आपा अडकत होत्या. मी आपांना म्हणाले, "घड्याळ म्हणणार. तुमचं नाव घेणार नाही." त्या ओढणी सारखी करून बसून राहिल्या.

शेठ वर आले. मी वायर लावून मशीन उघडून दाखवलं, बंद करून परत उघडून दाखवलं.

"घड्याळ पुढं होतं," मी म्हणाले. "मशीन ते आपोआप सुधारतं. ते सुधारणं तुमच्या पुण्याच्या माणसानं फोनवरून बंद केलं. वायरचा काही संबंध नाही."

शेठनी पुण्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडचा मुलगा शांत होता. "मॅडम, युजरने रिक्वेस्ट केली म्हणून मी टाइम सिंक ऑफ केलं."

"घड्याळ का हलतं, कुणी हलवतं का, असं काही विचारलंत?"

"मॅडम, कॉलमध्ये तसा प्रश्न नसतो."

शेठनी फोन ठेवला. मग त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो मला नको होता. "पण मुळात पुढं केलं कुणी?"

हिशेबवाले गृहस्थ खुर्चीची उंची तपासू लागले.

"मी केलं," आपा म्हणाल्या.

"मग झालं तर," शेठ म्हणाले. ते चिडले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "तुम्हाला हे झेपत नाही, आपा. खिडकीच बरी."

माझा आवाज चढला. किती चढला ते मला नंतर खालच्या पानवाल्याने सांगितलं. "शेठ, तुमच्या हातातल्या घड्याळात किती वाजले?"

त्यांनी बघितलं. सांगितलं.

"बरोबर आहे ते?"

"नाही, म्हणजे... सात मिनिटं वजा करायची. मी पुढं लावतो. वेळेवर निघायला बरं पडतं."

"माझं पंधरा," हिशेबवाले म्हणाले. "सात मिनिटांत काय होतं?"

सगळे हसले. आपा हसल्या नाहीत. शेठ थोडे हसले आणि मग कठोर झाले, कारण हसं त्यांचं झालं होतं. "माझं घड्याळ हातात आहे, ताई. त्यानं ऑफिस अडत नाही."

तेव्हा मला कळलं की वाद घालून ही खुर्ची राहायची नाही. सौदाच करावा लागेल. आणि माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती.

"आपलं ठरलेलं आठवतंय? वायर चांगली निघाली तर हॉटेलात जाऊन परत घ्यायचं."

शेठनी मान फिरवली. हा माणूस बाजारात मोठा आहे. दिलेला शब्द मोडणं त्याला जड, आणि चार दुकानदारांपुढे चूक कबूल करणं त्याहून जड. "आठवतंय," ते म्हणाले.

"ते सोडते. बदल्यात आपांची खुर्ची हलवायची नाही. या महिन्यात नाही, पुढेही नाही. आणि भिंतीवर घड्याळ परत लागेल."

"ठीक," शेठ म्हणाले.

इतक्या लगेच म्हणाले की मी तिथेच चडफडले. इतक्या वर्षांच्या सौद्यांत मला एवढं तरी कळतं. समोरचा एका दमात हो म्हणाला की समजायचं, आपण स्वस्तात दिलं. जरा ताणलं असतं तर खुर्चीही मिळाली असती आणि हॉटेलातलं वाक्यही. जिना उतरायला लागायला हवं होतं, पट्टीच्या वेळी उतरले तसं. पण समोर आपा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, आणि मला जिना उतरणं सुचलं नाही.

घड्याळ कपाटामागे सापडलं, रंगाचे थेंब उडालेलं. नवा सेल घातला. खिळा मीच ठोकला, माझ्या वायरच्या पट्टीच्या जरा वर, म्हणजे घड्याळाकडे बघणाऱ्याला पट्टी दिसेलच. काटे फिरवताना मी मोबाइलवरची वेळ बघत होते, तर खालून आपा म्हणाल्या, "धा मिनटं पुढं."

"पुढंच लावतेय."

"आन मशीनचं?"

"मशीनचं बरोबर राहू द्या. तुम्ही भिंतीवर बघा."

"बरं. मशीनला लोकल कुटं पकडायचीय!"

देखभालीचं काम अजून पुण्याच्या कंपनीकडेच आहे. शेठ अजून त्या हॉटेलात बसतात. मध्ये कुणीतरी त्यांना विचारलं म्हणे, नेटवर्क आता कसं आहे, तर ते म्हणाले, "आता ठीक आहे, ताई येऊन काहीतरी करून गेल्या." काहीतरी! मला ते कळलं त्या दिवशी मी तिथे जाणारच होते. शटर अर्धं ओढलं आणि थांबले. सोडलं म्हणजे सोडलं. सौद्यात दिलेली गोष्ट परत मागायला जाणं मला जमत नाही. राग मात्र मी सौद्यात दिलेला नव्हता. तो माझ्याकडेच आहे.

कधी संध्याकाळी मला तळेगावला जायचं असतं, तेव्हा मी घाईघाईने स्टेशनवर पोचते. लोकल उभी असते. आपा आधीच खिडकीजवळ जागा धरून, चपला काढून, शेंगदाणे सोलत बसलेल्या असतात. शेजारची जागा पिशवी ठेवून अडवलेली असते, कुणासाठी ते विचारायचं नाही. मी धापा टाकत बसते. त्या चार दाणे माझ्या हातावर ठेवतात आणि गाडी हलायच्या आधी, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय गं, तुझी वायर बरी हाय ना?"

डब्यातल्या बायका वळून बघतात. मी दाणे खाते.